भरड्यातला पाचवा तुकडा

उमाकांत आजोबांच्या स्वयंपाकघरात एकूण नऊ चमचे होते आणि ते नऊच्या नऊ ओट्यावर ओळीने मांडून ठेवलेले होते. शेजारी चार सुऱ्या, सोलणी, किसणी, चिमटा, झारा. घरातली धातूची एकूण एक वस्तू वल्लरीने शोधून आणली होती. काही हरवलेलं नव्हतं, काही तुटलेलं नव्हतं. मग आज सकाळी सिंकखालच्या भरड्यातून निघालेला तो नखाएवढा पोलादी तुकडा आला कुठून?

तो चौथा तुकडा होता. अडीच महिन्यांत भरड्या चौथ्यांदा अडकला होता.

भरड्या म्हणजे काय हे आज आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, कारण ही गोष्ट अजून तीसेक वर्षांनी घडणार आहे. पण त्या वेळच्या लातुरात तो घरोघरी होता. सिंकच्या बरोबर खाली टांगलेलं, लहान कळशीएवढं यंत्र. भाजीची देठं, केळ्याच्या साली, चहाचा चोथा सिंकमध्ये लोटायचा, नळ सोडायचा आणि बटण दाबायचं. यंत्र त्याचा बारीक लगदा करतं आणि तो लगदा नळीतून इमारतीच्या तळघरातल्या बंद टाकीत जातो. तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म जीव) त्यावर ताव मारतात आणि त्यातून जळणारा वायू तयार होतो. इमारतीतल्या अडतीस घरांच्या शेगड्या त्याच वायूवर चालत. उरलेलं पाणी गाळून, स्वच्छ करून पुन्हा भरड्यांकडे येई. पाण्याच्या बाबतीत लातूरच्या लोकांना कोणी काही शिकवायची गरज नव्हती.

या सगळ्या यंत्रांची देखभाल डागूकडे होती. डागू हा इमारतीचा यंत्रमानव. डागडुजी करतो म्हणून मुलांनी त्याचं नाव डागू पाडलं होतं. तो वल्लरीच्या खांद्याएवढा उंच होता, त्याला चार हात होते आणि चारही हातांची बोटं वेगवेगळ्या जाडीची होती. आज सकाळी त्यानेच येऊन तुकडा काढला आणि सांगितलं, की नियमाप्रमाणे हे यंत्र आता बदलावं लागेल. उद्या शनिवारी सकाळी दहा वाजता तो नवं घेऊन येईल.

नियमाचा दुसरा भाग त्याने सांगितला नाही. तो वल्लरीच्या आईच्या फोनवर निरोप होऊन आला. तीन महिन्यांत चार वेळा यंत्र अडकलं आणि दर वेळी त्यात धातू सापडला, तर 'वापरातील चूक' अशी नोंद होते, आणि त्या घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल, तर त्याच्या मुलाबाळांना कळवलं जातं. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. ज्यांची स्मरणशक्ती कमी होऊ लागते, ती माणसं चमचे, झाकणं नकळत सिंकमध्ये लोटतात आणि घरच्यांना ते फार उशिरा समजतं. ते वेळेवर समजावं एवढाच हेतू होता.

वल्लरी अकरा वर्षांची होती. ती आणि तिची आई सई त्याच इमारतीत दोन मजले वर राहत. आजी गेल्यापासून आजोबा आपल्या घरात एकटेच राहत होते आणि एकटेच रांधून जेवत होते. दर शुक्रवारी ते वल्लरीसाठी धपाटे करत. त्यांचं सगळं आयुष्य उपग्रहांच्या चाकांवर काम करण्यात गेलं होतं. उपग्रहाच्या पोटात छोटी, जड चाकं गरगर फिरत असतात आणि त्यांचा वेग कमीजास्त करून उपग्रहाचं तोंड हव्या त्या दिशेला वळवता येतं. ती चाकं केसाएवढीही डुगडुगू नयेत हे पाहणं आजोबांचं काम होतं.

निरोप वाचून सई खाली आली. ओट्यावरचे चमचे तिने पाहिले. ती खुर्ची ओढून आजोबांजवळ बसली आणि हळूहळू बोलू लागली. औसा रोडला नवं सोबतघर झालं आहे, तिथे सोबतीला माणसं असतात, बाग आहे, डॉक्टर आहेत, आपण रविवारी नुसतं बघून येऊ, असं ती म्हणाली. सोबतघर खरोखरच चांगलं होतं. फक्त तिथल्या खोल्यांना स्वयंपाकघर नव्हतं.

आजोबांनी ओट्यावरच्या चमच्यांकडे पाहिलं. गेल्या महिन्यात ते एका जुन्या सहकाऱ्याचं नाव विसरले होते. त्याआधी एकदा दाराची किल्ली दारालाच राहिली होती. हे सगळं सईला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे आजोबांनाही माहीत होतं.

"असेल," ते शेवटी म्हणाले. "टाकलं असेल मी काहीतरी. जाऊ आपण रविवारी."

वल्लरीला रडू आलं ते आईच्या बोलण्याने नाही, आजोबांनी इतक्या पटकन कबूल केलं म्हणून.

आई वर गेल्यावर तिने विचारलं, की खरंच तुम्ही काही टाकलंत का. तेव्हा आजोबांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. दुसऱ्यांदा भरड्या अडकल्यापासून सिंकमध्ये गेलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी तारीख-वेळ घालून लिहून ठेवली होती. मेथीची देठं. पपईच्या बिया. दोडक्याच्या शिरा. वहीत धातूचं नाव कुठेच नव्हतं.

वल्लरीला वाटलं, ही वही आईला दाखवली की झालं. पण आजोबांनी मान हलवली.

"वल्ली, जो माणूस चमचा टाकल्याचं विसरेल, तो लिहायचंही विसरेल. ही वही माझ्या आठवणीवर उभी आहे आणि शंका तर माझ्या आठवणीबद्दलच आहे. पुरावा असा पाहिजे, जो माझ्यावर अवलंबून नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज मात्र बदलला होता. वल्लरीला तो ओळखीचा वाटला. उपग्रहांबद्दल सांगताना ते असेच बोलायचे.

शनिवारी दहाला डागू आला. त्याच्या पाठीवर नव्या भरड्याचं खोकं होतं. सईने कामाला सुट्टी टाकली होती, तीही आली. डागूला जुना भरड्या काढून थेट भट्टीकडे पाठवायचा होता, वितळवण्यासाठी. वल्लरीने त्याला विचारलं, की त्याआधी आम्ही तो उघडून पाहिला तर चालेल का. डागूने क्षणभर नियम तपासला आणि सांगितलं, की घरमालकाला तसा हक्क आहे. आजवर कोणी मागितला नव्हता, एवढंच.

"अप्पा, आता हे कशाला?" सई म्हणाली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते खाली, सिंकसमोर जमिनीवर बसले.

डागूने प्रथम विजेची पिन काढली. बटण बंद असलं तरी पिन काढल्याशिवाय या यंत्रात कोणी बोटही घालायचं नाही, हे त्याने वल्लरीला दोनदा सांगितलं. मग त्याने खाली बादली ठेवली, नळीचा जोड सोडवला आणि नळीत राहिलेलं पाणी बादलीत येऊ दिलं. भरड्या सिंकच्या तोंडाला एका कड्यावर टांगलेला असतो. दोन हातांनी यंत्राचं वजन तोलत डागूने तिसऱ्या हाताने ते कडं फिरवलं, तसा भरड्या पिकल्या फळासारखा सुटून त्याच्या हातांत आला. त्याने तो जमिनीवर जुन्या चादरीवर ठेवला आणि वरचा भाग वेगळा केला.

वल्लरी वाकून आत पाहू लागली. आत मिक्सरसारखी धारदार पाती असणार, अशी तिची खात्री होती. पण पाती नव्हतीच. तळाला एक सपाट पोलादी तबकडी होती. तिच्या वर समोरासमोर दोन बोथट ठोकळे होते, खिळीवर सैल बसवलेले, बोटाने ढकलले की इकडेतिकडे हलणारे. आणि तबकडीच्या भोवती, भिंतीला लागून, किसणीसारखी दातेरी कडी होती.

मग हे यंत्र कापतं कशाने, असं तिने विचारलं. आजोबांनी सांगितलं की ते कापतच नाही, ते किसतं. पण मधे पडलेली साल कडेच्या किसणीपर्यंत पोचते कशी, हे तूच शोध. त्यांनी सईकडे हात पुढे केला आणि तिच्या हातातली बांगडी मागितली. सईने ती काढून दिली.

आजोबांनी बांगडी फरशीवर आडवी ठेवली, तिच्यात एक वाळलेला वाटाणा टाकला आणि बांगडी हलवून वाटाणा आतल्या कडेने गोलगोल फिरवला. मग ते वल्लरीला म्हणाले, की आता मी बांगडी एकदम उचलणार आहे, वाटाणा कुठे जाईल? वल्लरी म्हणाली, तो तसाच गोल फिरत राहील. आजोबांनी बांगडी उचलली. वाटाणा सरळ रेषेत सुटला आणि फ्रीजखाली गेला.

त्यांनी पुन्हा करून दाखवलं. दुसरा वाटाणाही सरळच गेला. तिसरा वल्लरीने स्वतः फिरवला.

"वस्तूला आपणहून वळायला आवडत नाही," आजोबा म्हणाले. "चाललेली वस्तू सरळच जाऊ पाहते. याला जडत्व म्हणतात (आहे त्या स्थितीत राहण्याचा वस्तूचा स्वभाव). बांगडीची कड वाटाण्याला क्षणोक्षणी आत ढकलत होती, म्हणून तो गोल फिरत होता. कड गेली, तो सरळ गेला."

आता भरड्यात काय होतं ते वल्लरीला हळूहळू दिसू लागलं. तबकडी एका सेकंदात चोवीस वेळा फिरते. तिच्यावर पडलेली साल तबकडीबरोबर ओढली जाते, पण तिला सरळ जायचं असतं, म्हणून ती मधे थांबत नाही, कडेकडे सरकते आणि दातेरी कडीवर जाऊन आदळते. ठोकळे तिला मागून रेटत राहतात, कडी तिला किसत राहते. दात्यांच्या फटीतून जाण्याइतकी ती बारीक झाली की पाण्याबरोबर खाली निघून जाते.

आणि कडक धातू आला तर तो ठोकळा आणि कडी यांच्यामध्ये पाचरीसारखा बसतो, असं डागूने पुढे सांगितलं. तबकडी थांबते. मोटारीला वीज मिळत राहते पण फिरता येत नाही, म्हणून नुसता 'घूंऽ' असा आवाज येतो. न फिरणारी मोटार जास्त वीज ओढते आणि तापते. ती जळून जाऊ नये म्हणून तळाशी एक लाल बटण असतं, ते आपोआप बाहेर येऊन वीज तोडतं. चारही वेळा तसंच झालं होतं. चारही वेळा त्याने तळाच्या भोकात सहाकोनी किल्ली घालून तबकडी हाताने मागेपुढे फिरवली होती, तुकडा चिमट्याने काढला होता आणि लाल बटण आत दाबलं होतं.

वल्लरीने विचारलं, ते तुकडे कुठे आहेत.

ते डागूकडेच होते. काढलेली प्रत्येक वस्तू घर क्रमांक घालून जपून ठेवायची असा नियम होता. त्याने पोटाचा खण उघडून एक पुडी काढली आणि चार तुकडे चादरीवर ठेवले. डागूच्या नोंदीत त्या प्रत्येकापुढे 'चमच्याचा भाग (अंदाजे)' असं लिहिलेलं होतं.

वल्लरी ते तुकडे इकडेतिकडे सरकवू लागली. पहिल्या नजरेत ते चमच्याचेच वाटत होते, किंचित वाकलेले. पण चारही तुकडे एकाच बाजूला सारखेच वाकलेले होते. तिने दोन तुकडे शेजारी लावले. त्यांच्या तुटक्या कडा एकमेकींत बसल्या. तिसरा लागला. चौथा लागला. फुटलेली बांगडी जोडावी तसं एक गोल वर्तुळ तयार झालं, मधे भोक असलेलं. मसुराच्या दाण्याएवढी जागा तेवढी रिकामी राहिली.

सईही आता खाली बसली होती.

आजोबांनी ते चार तुकड्यांचं वर्तुळ बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी तबकडीवरच्या ठोकळ्यांकडे बोट दाखवलं. एका ठोकळ्याखाली, खिळीभोवती, एक पातळ पोलादी चकती होती. दुसऱ्या ठोकळ्याखाली ती नव्हती. तो ठोकळा खिळीवर खडखड वाजत होता.

"मला वाटतं, हे त्याच जागेचं आहे," ते म्हणाले. "पण मला वाटणं पुरेसं नाही. माझं म्हणणं खरं असेल, तर पाचवा तुकडा असला पाहिजे. तो अजून बाहेर आलेला नाही, म्हणजे तो आतच असणार. कुठे असेल, वल्ली?"

वल्लरीने डोळे मिटले. सेकंदाला चोवीस फेऱ्या. सुटलेल्या तुकड्याला सरळ जायचं आहे.

"मधे नसणार," ती म्हणाली. "कडेला असणार. कडीपाशी."

डागूने बोटाच्या टोकाचा दिवा लावला. वल्लरीने चिमटा घेतला आणि तबकडी व कडी यांच्यामधली बारीक फट इंचाइंचाने तपासायला सुरुवात केली. तिथे वाळलेला लगदा होता, मेथीचा एक धागा होता. अर्धं वर्तुळ झालं. पाऊण झालं. तिच्या कपाळावर घाम आला. मग दात्याच्या खाचेत काहीतरी चमकलं. तिने ते चिमट्यात धरून अलगद वर काढलं आणि चादरीवरच्या रिकाम्या जागेत ठेवलं.

ते नेमकं बसलं. चकती पुरी झाली.

मग डागूने ती चकती मोजली, शाबूत चकतीही मोजली आणि सांगितलं, की जाडी, भोक आणि धातू तिन्ही जुळतात. तुकडे यंत्राचेच आहेत. बाहेरून आत काही पडलेलं नाही.

पण पोलादाची चकती अशी तुटली का, हा प्रश्न उरलाच होता. आजोबांनी पुडीला बांधलेली पातळ तार घेऊन ती एकाच जागी पुढेमागे वाकवून दाखवली. एकदा वाकवली तर काही झालं नाही. वीस-बावीस वेळा वाकवल्यावर ती तुटली. धातूही थकतो, ते म्हणाले, आणि त्याला तसंच नाव आहे, धातूचा थकवा (पुन्हा पुन्हा ताण बसल्याने धातूला पडत जाणाऱ्या बारीक भेगा). म्हणजे ही चकती कित्येक दिवस हलत असली पाहिजे. हे सगळं यंत्रच हलत असलं पाहिजे.

डागू सिंकखाली गेला. भरड्या ज्या कड्यावर टांगतात, ते कडं तीन स्क्रूंनी वर घट्ट ओढलेलं असतं. त्याने तिन्ही स्क्रू तपासले. दोन पूर्ण घट्ट होते. तिसरा पाच फेरे सैल होता. त्यामुळे भरड्या एका अंगाने कलून लोंबत होता आणि सुरू झाला की थरथरत होता.

"थरथर मला जाणवायची," आजोबा हळूच म्हणाले. "सिंकच्या कडेवर हात ठेवला की कळायची. मला वाटलं, माझाच हात कापतोय."

सईने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आजोबांनीच तिला सांभाळून घेतलं. ते म्हणाले, की मी विसरतो हे खरंच आहे, उद्या आणखी विसरेन, आणि तेव्हा तू मला सांगायलाच हवंस. फक्त हे मी विसरलो नव्हतो.

डागूने दोन वर्षांपूर्वीची नोंद उघडली. मग तो सरळ उभा राहिला.

"हे यंत्र मी बसवलं होतं," तो म्हणाला. "तिसरा स्क्रू मी पुरा पिळला नाही. चूक वापरातील नाही. बसवणीतील आहे. मी नोंद बदलतो."

आणि त्याने ती तिथल्या तिथे बदलली. त्या वेळी स्क्रू पिळणाऱ्या बोटाची पकड झिजलेली होती आणि ते बोट नंतर बदललं गेलं, हेही त्याने नोंदीत लिहिलं.

नवा भरड्या त्यांनी चौघांनी मिळून बसवला. डागूने सिंकच्या तोंडाभोवती पाणी गळू नये म्हणून मऊ लुकण लावलं. स्क्रू वल्लरीने पिळले. एक पुरा घट्ट करून मग दुसरा, असं करायचं नाही, हे आजोबांनी तिला शिकवलं. एकाला दोन फेरे, मग दुसऱ्याला दोन, मग तिसऱ्याला, म्हणजे कडं तिन्ही बाजूंनी सारखं वर चढतं. उपग्रहाचं चाकही असंच बसवतात, असं ते म्हणाले. रविवारी कुठे जायचं, याबद्दल कोणी बोललं नाही. दुपारी सईने इमारतीच्या समितीला लांबलचक पत्र लिहिलं. माणसाबद्दल निरोप धाडण्याआधी यंत्र उघडून पाहावं, एवढीच तिची मागणी होती. पुढच्याच बैठकीत ती मान्य झाली.

पण त्याच झिजलेल्या बोटाने दोन वर्षांपूर्वी त्या महिन्यात डागूने आणखी दहा यंत्रं बसवली होती. ती तपासायला तो निघाला, तेव्हा आजोबा आणि वल्लरीही त्याच्याबरोबर गेले.

सातवं घर पहिल्या मजल्यावर होतं. तिथे हेमलता काकू एकट्याच राहत. त्यांनी दार अर्धवट उघडलं आणि डागूला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांचा भरड्या कोरडा ठणठणीत होता, कित्येक आठवडे वापरलेला नव्हता. आजोबांनी कारण विचारलं. तेव्हा काकूंनी फ्रीजचा बर्फाचा कप्पा उघडून दाखवला. आत गोठलेल्या सालींच्या पिशव्या होत्या, एकावर एक रचलेल्या. यंत्र दोनदा अडकलं होतं. पुन्हा अडकलं तर मुलगा आपल्याला इथून घेऊन जाईल, या भीतीने त्यांनी ते चालवणंच सोडलं होतं. हल्ली त्या फारसं रांधतही नव्हत्या.

त्यांचाही तिसरा स्क्रू सैल होता. डागूने तो पिळला आणि आतली भेगाळलेली चकती बदलली. वल्लरीने त्यांना बांगडी आणि वाटाण्याचा खेळ करून दाखवला, तबकडी आणि ठोकळे दाखवले, आणि चूक कोणाची होती तेही सांगितलं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

मग त्यांनी एक पिशवी काढली, गरम पाण्यात धरली आणि सैल झालेल्या साली सिंकमध्ये सोडल्या. नळ सोडला. बटणावर बोट ठेवून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

काकूंनी बटण दाबलं. भरड्या एका सुरात घुमला, साली खाली गेल्या आणि पाणी स्वच्छ वाहू लागलं. त्यांनी दुसरा हात सिंकच्या कडेवर ठेवून पाहिला. ती हलत नव्हती.

"आणखी पाच पिशव्या आहेत," त्या म्हणाल्या, आणि फ्रीजकडे वळता वळता त्यांनी शेगडीवर भाताला पाणी ठेवलं.